दरबार बंद झाला, लाड बाजार चालू आहे

हैदराबादला निघालं की सोलापुरात कुणी 'फिरायला चाललात का' असं विचारत नाही. 'माल आणायला का?' असंच विचारतात. निदान आमच्या पेठेत तरी. मधल्या मारुतीजवळ आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांच्या काळापासूनचं. काचेच्या बांगड्या फिरोजाबादहून येतात, लाखेच्या हैदराबादहून. त्यामुळे हैदराबाद म्हणजे रात्रीची बस, सकाळी बेगम बाजारातली ठोक दुकानं, खोकी बांधून घ्यायची आणि परत. वर्षानुवर्षं असंच. या वेळी मी आधीच घरात सांगून टाकलं, की लग्नसराईचा माल आणतेच, पण मुक्काम करणार आणि राजवाडे नीट बघणार.

सोबत अक्का होत्या. अक्का आमच्याकडच्या जुन्या गिऱ्हाईक. पूर्व भागात, कन्ना चौकाच्या बाजूला राहतात. घरी आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. पद्मशाली लोक तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आले आणि इथलेच झाले, त्यातलंच हेही घराणं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि बाजारात ज्याची जी भाषा ती. त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि चुड्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. "वहिनी, तुम्ही असलात की मला कुणी फसवणार नाही," म्हणाल्या. मला सोबत हवीच होती.

सोलापूर आणि हैदराबादचं नातं आमच्या दुकानाच्या वह्यांमध्ये आहे. सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी गल्ल्यात दोन प्रकारचे रुपये यायचे. सोलापूर इंग्रजी मुलखात, पण तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ही सगळी गावं निजामाच्या राज्यात. तिकडच्या बायका लग्नाच्या बांगड्या भरायला सोलापूरला यायच्या आणि हाली सिक्का घेऊन यायच्या. आपल्याकडचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब. आजेसासरे तो तोंडी करायचे. निजामाच्या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही छापलेली असायची, कारण राज्यातच या भाषा होत्या. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा याच सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. ज्या नाक्यावर तेव्हा करोडगिरी, म्हणजे निजामाच्या हद्दीची जकात, भरावी लागायची, तिथून आता आमची बस अर्ध्या झोपेत निघून जाते. नळदुर्गचा किल्ला अंधारात दिसत नाही. मी दर वेळी त्या बाजूला बघते मात्र.

प्रवासाचं विशेष काही सांगण्यासारखं नाही. उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. रेल्वेने जायचं तर वाडीवरून जावं लागतं. सकाळी उतरलो, अंघोळी उरकल्या, आणि सरळ चौमहल्ला गाठला.

चौमहल्ला म्हणजे चार महाल. अफजल, महताब, तहनियत, आफताब. सलाबतजंगाच्या वेळी, १७५० च्या सुमारास काम सुरू झालं आणि पाचव्या निजामाच्या, अफजलउद्दौलाच्या कारकिर्दीत पूर्ण झालं. म्हणजे शंभर वर्षं माणसं तिथे बांधतच होती. आत शिरलं की आधी मोठं अंगण, मधे लांबरुंद हौद, आणि पलीकडे खिलवत मुबारक, निजामाचा दरबार. पांढरे खांब, वर नक्षीकाम, संगमरवरी चौथरा, त्यावर तख्त. आणि छताला झुंबरं. एकोणीस झुंबरं, बेल्जियमच्या काचेची. मी काचेच्या धंद्यातली बाई. काच हातात घेतली की कुठे फुगा राहिलाय, कुठे रंग फिका आहे, हे मला दिसतं. तिथे खाली उभी राहून वर बघितलं आणि नजर काही खाली येईना. प्रत्येक लोलकाला पैलू पाडलेले. अंगणातून येणारा उजेड त्यांच्यावर पडून छताच्या नक्षीत शिरत होता. ही एवढी काच जहाजातून, मग रेल्वेतून की बैलगाडीतून, इथवर न तडकता आणली कुणी, कशात बांधून, हाच विचार माझ्या डोक्यात. आमच्या खोक्यात पेंढा नीट भरला नाही तर डझनामागे दोन-तीन बांगड्या वाढलेल्या निघतात.

पहारेकरी भला माणूस होता. म्हणाला, पूर्वी हा सगळा आवार पंचेचाळीस एकरांचा होता, आता बारा एकर उरलाय. वाडे बरीच वर्षं कुलपात होते. मग निजामाच्या घराण्यातल्या राजकुमारी एसरा यांनी मनावर घेतलं, दुरुस्ती करवली आणि २००५ पासून लोकांसाठी खुले झाले. २०१० मध्ये युनेस्कोने त्या कामाला पुरस्कार दिला. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. जुनं घर सांभाळायला पैशाइतकीच चिकाटी लागते, हे आमच्या सोलापुरातले पडके वाडे बघणाऱ्या कुणालाही कळेल.

पण अक्कांचं लक्ष झुंबरांकडे नव्हतं. त्या कपड्यांच्या दालनात जाऊन बसल्या. काचेच्या कपाटांत शेरवान्या, जरीकाम, खडा दुपट्टा. हैदराबादी नवरी नेसते तो, सहा वाराचा. अक्का काचेला नाक लावून बघत होत्या. "वहिनी, उलटी बाजू दाखवत नाहीत हो हे लोक," असं दोनदा म्हणाल्या. विणकराला कापडाची उलटी बाजू बघायची असते. पुढून सगळं छानच दिसतं, काम मागून कळतं. एका ठिकाणी शेरवानीचा पल्ला जरासा दुमडला होता आणि तेवढ्यातून त्यांना धागा दिसला. त्यांनी तिथेच उभं राहून मला ताणा, बाणा आणि जरीचा जादा धागा कसा फिरवला असेल ते बोटांनी दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुरानी हवेलीत सहाव्या निजामाचं, महबूब अली खानांचं कपड्यांचं कपाट बघितलं. कपाट कसलं, दोन मजली दालनच आहे ते, बर्मा सागवानाचं. हा राजा एकदा घातलेला पोशाख पुन्हा घालत नसे असं सांगतात. अक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे किती घरं जगली असतील बघा." मला हे बोलणं तेव्हापासून सोडत नाही. मी खर्चाकडे बघत होते, त्या मागांकडे बघत होत्या.

चौमहल्ल्यातून बाहेर पडून चालत निघालं, की महबूब चौकातला घड्याळाचा मनोरा लागतो, आणि तिथून जरा पुढे लाड बाजार सुरू होतो. सरळ चारमिनारपर्यंत. एका टोकाला राजवाडा, दुसऱ्या टोकाला चारमिनार, आणि मधे बांगड्या. ही रचना नकाशावर बघून कळत नाही, पायांनी चालून कळते. आजवर मी नेहमी चारमिनारच्या बाजूने शिरले, माल बघितला आणि तिथूनच परतले. या वेळी राजवाड्याच्या बाजूने आले आणि बाजार वेगळाच दिसला. हा बाजार त्या दरवाजाच्या आधाराने वाढलाय. आत जनाना, सरदारांच्या बायका, त्यांच्या दासी, लग्नं, ईद, बारशी. त्यांना बांगड्या हव्यात, अत्तर हवं, जरी हवी. गिऱ्हाईक भिंतीच्या आत, दुकान भिंतीच्या बाहेर.

मग १९४८ आलं. राज्य गेलं, दरबार थांबला. तख्तावर आता कुणी बसत नाही, झुंबरांखाली आपण तिकीट काढून उभे राहतो. पण लाड बाजार बंद पडला नाही. का नाही पडला, याचा मी दुकानदार म्हणून विचार केला. मोठं गिऱ्हाईक गेलं की दुकान बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सोलापुरात गिरण्या बंद झाल्या तेव्हा आमच्या पेठेतली कितीतरी दुकानं बसली. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा वाजायचा आणि पगाराच्या दिवशी बायका बांगड्या भरायला यायच्या. ते दिवस गेले ते गेलेच. लाड बाजाराला मात्र नवं गिऱ्हाईक मिळालं. ज्या बांगड्या बेगमांच्या हातात असायच्या, त्या आता रिक्षावाल्याच्या मुलीच्या लग्नात असतात, पूर्व भागातल्या अक्कांच्या भाचीच्या लग्नात असतात. लाखेची जोडी गरिबालाही परवडते आणि दिसायला राजवाड्याची दिसते. मला वाटतं, बाजार तरला तो यामुळे.

हा लाखेचा माल बनतो कसा हे मात्र मी आजवर बघितलं नव्हतं. ज्यांच्याकडून माल घेते ते व्यापारी या वेळी म्हणाले, "आपा, कारखाना देखते क्या?" कारखाना म्हणजे मागच्या गल्लीत, अरुंद जिन्याने वर, एक खोली. खिडकीजवळ एक चाचा आणि त्यांची सून, भिंतीला टेकून दोन पोरं. खोलीच्या मधे कोळशाची शेगडी आणि वर तापलेला पत्रा. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो चीक सोडतात तो. झारखंड, छत्तीसगढकडून येतो. तो वितळवून त्यात भुकटी मिसळून गोळा करतात. चाचांनी गोळ्याचा तुकडा तापवला आणि पत्र्यावर तळव्याने फिरवायला लागले. कणकेची सुरळी करावी तशी बघता बघता त्याची लांब, एकसारखी कांडी झाली. दुसरीकडे रंगीत लाख मऊ करून तिचा पातळ थर कांडीवर चढवला. मग माप. लाकडी गोल दांड्याभोवती कांडी वळवली, टोकाला टोक भिडवलं, गरम असतानाच सांधा बोटाने पुसून टाकला. सांधा कुठे आहे ते मला नंतर सापडलं नाही, आणि मी शोधत होते.

खरं काम त्यानंतर. सुनेने बांगडी पुन्हा शेगडीवर धरून ऊब दिली आणि चिमट्याने एकेक खडा वरून दाबत गेली. आरशाचे तुकडे, मणी, बारीक खडे. लाख जास्त गरम झाली तर खडा बुडतो, थंड झाली तर बसत नाही. मधला तो क्षण बोटांना कळतो. तिच्या बोटांच्या टोकांची कातडी जाड, गुळगुळीत झाली होती. ती आमच्याशी बोलत होती, पोरांना रागवत होती, आणि हात चालूच होता. रांगेत एकही खडा वाकडा नाही. मी तिला विचारलं, डोळे दुखत नाहीत का? "दुखते ना आपा, रात को दुखते," म्हणाली आणि पुढचा खडा उचलला.

चाचांनी विचारलं, कुठून आलात. सोलापूर म्हटल्यावर चेहरा खुलला. "शोलापूर! चादरवाला!" त्यांच्या घरात दोन सोलापुरी चादरी आहेत, बहिणीच्या लग्नात आलेल्या. अक्का एकदम पुढे सरकल्या आणि पहिला प्रश्न टाकला, "काठ कसा आहे? दोन्ही बाजूंनी नक्षी येते का?" चाचांनी एक चादर मागवलीच खालून. अक्कांनी उलटवून बघितली, हात फिरवला, आणि सांगितलं, ही आपली आहे. मग त्यांनी सगळं सांगितलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडे विणलेल्या हलक्या चादरी सोलापुरी म्हणून विकल्या जातात, आणि सोलापुरात माग भंगारात जातात. चाचा म्हणाले, आमचंही तेच. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये मानांकन मिळालं. पण बाजारात धातूच्या कड्यावर गोंदाने खडे चिकटवलेला माल त्याच नावाने, निम्म्या भावात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. एक तेलुगू घरातली विणकरीण आणि एक हैदराबादी मुसलमान कारागीर, दखनीत एकमेकांना आपापली तक्रार सांगत होते. मला मधे बोलायची गरज पडली नाही.

त्या दिवशी मी माल घेताना भाव केला, पण जिथे करायचा तिथेच. डझनाने येणाऱ्या साध्या कड्यांवर केला, चमकी लावलेल्या सेटवर केला. हाताने खडे बसवलेल्या जोड्यांवर केला नाही. व्यापाऱ्यांना आश्चर्य वाटलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की यातला वाढीव पैसा वरच्या खोलीत पोचू द्या. पोचेल की नाही ते मी इथून बघू शकत नाही, पण पुढच्या खेपेला जिना चढून सुनेला विचारणार आहे.

बाकीचं हैदराबाद आम्ही बघितलं, पण त्यात मन एवढं गुंतलं नाही. चारमिनार मात्र जवळून बघावाच. मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९१ मध्ये, हिजरी सनाचं हजारावं वर्ष आलं तेव्हा, शहर वसवलं आणि मधोमध हा उभा केला. चारही कमानींतून चार रस्ते दिसतात. कमानींवरची घड्याळं नंतरची, १८८९ ची. मक्का मशीद कुतुबशाहीत सुरू झाली आणि औरंगजेबाने पुरी केली. तिच्या अंगणात निजामांच्या कबरी आहेत, अगदी साध्या. त्या एकोणीस झुंबरांनंतर तो साधेपणा मला आवडला. गुलजार हौजाजवळ चार कमान, तिथे मोत्यांची दुकानं. अक्कांनी भाचीसाठी एक सर घेतला. सालारजंग संग्रहालय एका फेरीत होत नाही. फलकनुमा टेकडीवरून दिसतो तेवढाच बघितला, आता तिथे हॉटेल आहे. संध्याकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं. अक्कांना चहा फार गोड लागला, मला चालला.

सोलापूरहून कुणी जाणार असेल तर माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. शुक्रवारी जाऊ नका, चौमहल्ला आणि सालारजंग दोन्ही बंद असतात. आधी राजवाडा सकाळी बघा, लाड बाजार तसाही उशिरा उघडतो. नवरीसाठी बांगड्या आणायच्या असतील तर तिच्या हातातली एक मापाची बांगडी सोबत न्या. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं नुसतं तोंडी सांगून भागत नाही. काचेची बांगडी हाताला दाबून चढते, लाखेची दाबली तर तुटते, म्हणून लाखेला नेहमीपेक्षा एक माप मोठं लागतं. हाताने केलेली ओळखायची तर आतली बाजू बघा. खड्यांच्या बाजूला गोंदाचा पिवळट थर दिसला तर ती लाखेची नाही. लाखेच्या बांगडीत खडा थोडा रुतलेला असतो आणि कडेने लाख वर आलेली दिसते.

आणि घरी आणल्यावर जपा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. उभ्या गाडीत, डॅशबोर्डवर, पत्र्याच्या कपाटात वरच्या फळीवर या बांगड्या ठेवू नका. लाख मऊ पडते, आकार बिघडतो आणि खडे सुटतात. गरम पाण्यात हात घालताना, भाकरी करताना काढून ठेवा. खडा निघालाच तर फेकून देऊ नका, खड्यासकट दुकानात घेऊन या. चाचांनी मला लाखेची एक कांडी दिली आहे आणि मेणबत्तीवर ऊब देऊन खडा परत कसा बसवायचा तेही शिकवलंय. त्याचे पैसे मी घेणार नाही.